पहिल्या गाडीचा विमा घेताना

थर्ड पार्टी विमा कायद्यानेच सक्तीचा आहे. तो नसताना पहिल्यांदा पकडलं गेलं तर २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतं. नव्या कारला तो एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. पण त्यात फक्त समोरच्याचं नुकसान भरून मिळतं, तुझ्या गाडीचं नाही. म्हणून नव्या गाडीला स्वतःच्या नुकसानीचं कव्हर घेच.

आता खरा मुद्दा पावसाचा. मुंबईत हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे पाणी तुंबतं, हे तुला ठाऊकच आहे. साध्या पॅकेज पॉलिसीत (थर्ड पार्टी आणि स्वतःच्या नुकसानीचं कव्हर एकत्र) पुराचं नुकसान धरलेलं असतं, पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट केल्यावर इंजिनात पाणी ओढलं गेलं, तर तो खर्च कंपनी बहुधा नाकारते. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. मुंबईत मी ते झिरो डेपच्याही (बदललेल्या भागांवर घसारा न कापणारं कव्हर) आधी घेईन. आणि ते घेतलं तरी पाण्यात बंद पडलेल्या गाडीची चावी फिरवू नकोस. फोटो काढ, कंपनीला कळव, टोइंग मागव.

हप्ता कमी दिसावा म्हणून एजंट आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, खाली आणतो. तसं करू देऊ नकोस, गाडी चोरीला गेली तर भरपाई त्याच आकड्यावर ठरते. किरकोळ ओरखड्यांसाठी क्लेम टाळ, कारण क्लेम नसेल तर पहिल्या वर्षानंतर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट, म्हणजे नो क्लेम बोनस मिळतो आणि तो वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही, तर हा बोनस जातो.