ट्विंकल ट्विंकल 'ध'वर अडतंय? आधी कागदावरचे आकडे बघा

ताई, तुमची मुलगी कीबोर्डवर 'ट्विंकल ट्विंकल' शिकताना अडतेय हे तुम्ही लिहिलेलं वाचलं आणि वाटलं, हे तर आमच्याच घरातलं! 'सा सा प प' झकास, 'ध' आला की हात उडतो, आणि क्लासवाले म्हणतात सराव वाढवा. इतक्यात वाढवू नका. क्लासने दिलेला कागद काढा. त्यावर १ १ ५ ५ ६ ६ ५ असं काहीतरी असणार.

हे स्वरांचे आकडे. पियानोच्या पुस्तकात मात्र नोट्सवर छापलेले आकडे बोटांचे असतात, अंगठा १ आणि करंगळी ५, दोन्ही हातांना. पोरं ५ दिसला की करंगळी ठेवतात. मग ६ ला बोट आणायचं कुठून? तीच करंगळी उचलून पुढच्या पट्टीवर आपटतात, मनगट वाकडं होतं, लय तुटते. आमच्या लेकाच्या पहिल्या क्लासने (नाव घेत नाही) हेच केलं, वर सगळ्या पट्ट्यांना रंगीत स्टिकर. विचारलं की उत्तर ठरलेलं: "लहान मुलांना असंच सोपं पडतं." पुढे ज्या बाईंकडे गेलो त्यांनी पहिल्यांदा स्टिकर खरवडायला लावले. गाणं शिकायला लागला नव्हता एवढा वेळ ती सवय मोडण्यात गेला. पुढच्या टर्मची आगाऊ भरलेली फी गेली ती गेलीच. असो.

आता बोटं. अंगठा मधल्या सी वर, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी एक; तोच आपला सा. पहिल्या ओळीला हात थोडा उघडा: प वर अनामिका, ध वर करंगळी. बोटं १ १ ४ ४ ५ ५ ४. लगेच हात मिटून 'म म ग ग रे रे सा' ला ४ ४ ३ ३ २ २ १. पण मधल्या दोन ओळी, 'प प म म ग ग रे', वाजवायच्या ५ ५ ४ ४ ३ ३ २ ने. तोच प आधी अनामिकेने, नंतर करंगळीने! खरी गोम इथे आहे, आणि स्वरांच्या आकड्यांतून ती कधीच कळणार नाही. हात लहान असेल तर अंगठा सा वर चिकटवून ठेवू नका, त्याचं काम झालेलं असतं. मी शिक्षक नाही, कोणी वेगळी बोटं सांगतील, तीही चालतील. रोज तीच हवीत, एवढंच.

लय: सात स्वर, पण मात्रा आठ. शेवटचा स्वर दोन मात्रा धरायचा. एक ओळ म्हणजे केरव्याचं (आठ मात्रांच्या तालाचं) एक आवर्तन. आजोबा पेटी वाजवतात म्हणालात, त्यांना ताल धरायला बसवा. त्यांना सा काळी चारवरच (चौथ्या काळ्या पट्टीवर) हवा असेल तर कीबोर्डचं ट्रान्सपोज (सगळे स्वर एकदम वर-खाली सरकवायची सोय) उणे चार करा, तिची बोटं बदलू नका.

डावा हात उजवा न अडखळता चालल्यावरच. तेव्हाही कॉर्ड (एकदम दाबलेले तीन-चार स्वर) नकोत, दोन मात्रांना एकच स्वर: सा सा म सा, मग म सा प सा. मधल्या ओळींना सा म सा प. करंगळी सा वर, म ला तर्जनी, प ला अंगठा.

ही चाल मोझार्टची असं कोणी ठोकून सांगितलं तर हसून सोडून द्या. चाल फ्रेंच, 1761 साली छापलेली. मोझार्टने तिच्यावर बारा व्हेरिएशन्स लिहिली, आणि जेन टेलरचे इंग्रजी शब्द 1806 चे. मुलीला मात्र सांगा की एबीसीडीचं गाणं याच चालीवर आहे, एकात दोन.

आणि कीबोर्ड पलंगावर ठेवून वाजवत असेल तर तो आजच टेबलावर न्या. कोपर पट्ट्यांच्या उंचीला हवं. खुर्ची कमी पडली तर खाली उशी. आमच्याकडे जाड रद्दीचा गठ्ठा होता, चालला.