ग्रीन कार्डच्या मुलाखतीआधी

अगं, वकील केलास ते उत्तम केलंस, पण मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटच्या खिडकीशी उत्तरं तुलाच द्यायचीत. त्यामुळे वकिलासमोर बसून डीएस-२६०, म्हणजे इमिग्रंट व्हिसाचा तुझा ऑनलाइन अर्ज, ओळ न् ओळ वाच. पासपोर्टवर माहेरचं नाव, विवाह दाखल्यावर सासरचं, जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच, हे आपल्याकडे घरोघरी असतं; कशाला कोणता पुरावा जोडायचा ते वकिलांनाच ठरवू दे. पोलीस क्लिअरन्सच्या दाखल्यासाठी पुण्यातल्या मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्राची वेळ लवकर घे. नवऱ्याचा आय-८६४ (तुझ्या खर्चाची हमी देणारा फॉर्म) आणि टॅक्सचे कागद फाइलमध्ये वरच ठेव. पूर्वी व्हिसा नाकारला गेला असेल तर लपवू नकोस, वकिलापासून तर मुळीच नाही. उत्तरं पाठ करू नकोस, आठवत नसेल तर तसं सांग. लग्नाला २ वर्षं व्हायच्या आत तिकडे पोचलीस, तर कार्ड २ वर्षांचंच मिळतं. ते पुढे कायम करायला जो अर्ज लागतो, त्याचंही वकिलांना आत्ताच विचारून घे.