पाठांतर पुरे, आता १८४१ पासून वाच

वय ३५, देशात १४ वर्षं वास्तव्य आणि जन्मतः नागरिकत्व, अमेरिकेचा अध्यक्ष होण्याच्या या तीन अटी तुझ्या पाठ झाल्यात, छान. पण या पदाचा खरा अभ्यास ‘अध्यक्ष मध्येच गेला तर?’ इथून सुरू होतो.

१८४१ मध्ये अध्यक्ष हॅरिसन पदावर आल्यावर महिनाभरातच वारले. उपाध्यक्ष टायलर अध्यक्ष झाले की नुसते काम बघणारे? मूळ घटनेतलं वाक्य मोघम होतं. टायलर यांनी सरळ अध्यक्षपदाची शपथ घेतली आणि ‘प्रभारी अध्यक्ष’ असा पत्ता घातलेली पत्रं न उघडताच परत धाडली. हाच पायंडा पुढे १९६७ च्या २५ व्या घटनादुरुस्तीत लेखी आला. ती दुरुस्ती मात्र शब्दन् शब्द वाच. त्याआधी उपाध्यक्षपद रिकामं झालं की रिकामंच राहायचं. केनेडींच्या हत्येनंतर वर्षभराहून अधिक काळ ते तसंच होतं. या दुरुस्तीमुळेच फोर्ड १९७३ मध्ये नेमणुकीने उपाध्यक्ष झाले आणि १९७४ मध्ये अध्यक्ष. दोन्ही पदांसाठी देशाने त्यांना कधीच निवडून दिलं नव्हतं!

उपाध्यक्षानंतरचा क्रम १९४७ च्या कायद्यात आहे: प्रतिनिधिगृहाचे सभापती, मग सिनेटचे हंगामी अध्यक्ष, मग मंत्री. नवे लोक इथे हमखास चुकतात. रांगेत नाव असलं तरी पात्रतेच्या अटी सुटत नाहीत. किसिंजर परराष्ट्रमंत्री होते, पण जन्म जर्मनीतला, म्हणून त्यांना वगळून पुढच्याकडे जावं लागलं असतं.