जुने परगणे फिरायचे तर सुरुवात रटलंडपासून

इंग्लंडचे जुने परगणे, म्हणजे काउंट्या, बघायचेत ना? मग लगेच यॉर्कशायरच्या मागे लागू नकोस, ते संपता संपत नाही. आधी रटलंड घे. जुन्या परगण्यांतला हा सगळ्यात छोटा. १९७४ साली तो लेस्टरशायरमध्ये विलीन केला होता, १९९७ साली पुन्हा वेगळा झाला.

रटलंडचं मुख्य गाव ओकम, तिथे उतर, रेल्वे स्टेशन आहे. किल्ल्यातलं मुख्य उरलंय ते बाराव्या शतकातलं दगडी सभागृह, पण आत भिंतभर घोड्यांचे नाल, दोनशेच्या वर! गावात पहिल्यांदा येणाऱ्या उमरावाने एक नाल द्यायचा, ही तिथली रीत. सगळे तोंड खाली करून टांगलेले. माझा तिथून पाय निघत नाही. जवळच बटरक्रॉसच्या, म्हणजे जुन्या बाजाराच्या मांडवाच्या, छपराखाली गुन्हेगारांचा लाकडी खोडा आहे. त्याला पायांसाठी भोकं पाच आहेत, मोजून बघ.

जुनं पुस्तक हाताशी असेल तर जपून, परगण्यांच्या सीमा बदलल्यात. अफिंग्टनचा टेकडीवर कोरलेला पांढरा घोडा त्यात बर्कशायरात सापडेल, आज तो ऑक्सफर्डशायरात आहे. ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे तिथल्या सरकारी नकाशा संस्थेचा, नारिंगी कव्हरचा नकाशा घेच. त्यावरच्या हिरव्या तुटक रेषा म्हणजे शेतांतून जाणाऱ्या हक्काच्या पायवाटा. वाटेत फाटक उघडलंस तर मागे लावून घे, आत मेंढ्या असतात.