डबेल चाखताना आणि जेवताना

प्रश्न : नोकरीनिमित्त मी दोन वर्षांपासून बेल्जियममधील अँटवर्प येथे राहतो. सहकाऱ्यांनी आवर्जून सुचविलेली वेस्टमाले मठाची डबेल ही गडद तपकिरी बिअर मी फ्रीजमधून काढून लगेच प्यायलो, तेव्हा फेस आणि किंचित गोडवा यांपलीकडे काही जाणवले नाही. ती कशी चाखावी आणि घरच्या झणझणीत मटणाबरोबर ती चालेल का?
– एक वाचक

उत्तर : बिअरमध्ये दोष नव्हता, ती फार थंड होती. अतिथंड पेयाचा वास वर येत नाही आणि डबेलची निम्मी गोडी वासातच असते. बाटली अर्धा तास बाहेर ठेवून ती रुंद तोंडाच्या पेल्यात सावकाश ओतावी. बाटलीतही आंबण्याची क्रिया होत असल्याने तळाशी यीस्टचा गाळ बसतो. तो तेथेच राहू द्यावा, म्हणजे तांबूस-तपकिरी रंग नितळ दिसतो. घोट घेण्यापूर्वी वास घेतल्यास मनुका, अंजीर, पिकलेले केळे आणि मागाहून हलकी लवंग ओळखू येते. यांतील काहीही बिअरमध्ये घातलेले नसते. केळे आणि लवंग ही यीस्टची किमया, तर सुक्या मेव्याचा वास मुख्यतः बिअर करताना घातलेल्या, कढवून गडद केलेल्या कँडी साखरेचा. ही साखर बव्हंशी आंबून जाते, म्हणूनच मद्यार्क ७ टक्के असूनही ही बिअर जड न लागता शेवटी कोरडी होते. वेस्टमालेच्या ट्रॅपिस्ट (कॅथलिक संन्याशांचा एक पंथ) मठात १८३६ पासून बिअर होते आणि आजच्या डबेलची घडण १९२६ मध्ये बदललेल्या कृतीतून आली आहे.

जोडीच्या पदार्थात मी परतून तपकिरी झालेल्या अन्नाची चव शोधतो. बेल्जियमच्या उत्तरेकडील फ्लँडर्स भागातील स्टोफव्लेस, म्हणजे गोमांस आणि भरपूर कांदा गडद बिअरमध्ये तासन्‌तास शिजवून, मोहरीची चटणी लावलेल्या पावाने दाट केलेला रस्सा, हे माझ्या मते डबेलचे सर्वांत जवळचे नाते आहे. पदार्थातील खमंगपणा बिअरमध्ये पुन्हा भेटतो आणि बुडबुडे जिभेवरची चरबी धुऊन नेतात. मठांतील मऊसर चीजही उत्तम.

मटणाचे उत्तर मात्र मिरचीवर अवलंबून आहे. मद्यार्क आणि फसफस तिखटाची आग वाढवतात, त्यामुळे तांबडा रस्सा नकोच. परंतु भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण आणि लवंग यांचे डबेलशी मनापासून जमते. तेव्हा तिखट निम्म्यावर आणून मटण सुकेच करावे.