वाचकांचे प्रश्न: रावेल्लोतलं लग्न आणि दुपारचा मुहूर्त

प्रश्न: ताई, मी सहकारनगरला राहतो आणि लग्नाचे फोटो काढतो. मेच्या अखेरीला इटलीत, अमाल्फी किनाऱ्यावरच्या रावेल्लोत एक पुणेरी लग्न मिळालं आहे. स्थळ व्हिला चिंब्रोने. गुरुजी पुण्याहून येणार आहेत, मुहूर्त दुपारी बारा वीसचा. नवरीला ‘समुद्रात बुडणाऱ्या सूर्यासमोर’ दोघांचा फोटो हवा आहे. माझी आजवरची सगळी कामं कार्यालयातली, फार तर मुळशीच्या रिसॉर्टमधली. तयारी कशी करू?

उत्तर: आधी नवरीला फोन करा. तिला हवा असलेला फोटो तिथे निघणार नाही, आणि हे तिला तुमच्याकडून, आत्ताच कळलं पाहिजे. आपल्या मनात समुद्र म्हणजे गणपतीपुळे किंवा गुहागर. पश्चिमेला पाणी आणि त्यात उतरणारा सूर्य. रावेल्लो समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीनशे मीटर उंचावर आहे आणि चिंब्रोनेच्या गच्चीवरून पाणी दिसतं ते दक्षिणेला आणि पूर्वेला. पश्चिमेला दरीपलीकडे स्काला गाव आणि त्यामागे लात्तारी डोंगर. मेच्या अखेरीला सूर्य तिथे वायव्येला मावळतो. अ‍ॅप सूर्यास्त सव्वाआठनंतरचा दाखवेल, पण ऊन त्याच्या बरंच आधी डोंगराआड गेलेलं असेल.

तिला नुसता नकार देऊ नका, कारण जे मिळणार आहे ते मला त्या केशरी गोळ्यापेक्षा जास्त आवडतं. सूर्य पश्चिमेला मावळला की समोरच्या, म्हणजे पूर्वेच्या आकाशात गुलाबी पट्टा चढतो आणि त्याच्या खाली निळसर करडी रेघ दिसते. ती रेघ म्हणजे आकाशावर पडलेली पृथ्वीची सावली. हा सगळा रंग बरोबर पाण्याच्या वर येतो आणि चेहऱ्यांवर पश्चिमेच्या उजळ आकाशाचा मऊ प्रकाश पडतो. शालूची जर त्या उजेडात चकाकत नाही, नुसती उजळते. पुण्यापेक्षा तिथला संधिप्रकाशही लांबतो, कारण ते ठिकाण चाळीस अंश अक्षांशावर आहे, पुणे साडेअठरावर. त्या वेळी दोघांना जेवणाच्या टेबलावरून उठवायला घरच्या कोणाला तरी आजच सांगून ठेवा. नवरीच्या मावशीला सांगा. तिचा शब्द कोणी मोडत नाही.

आता मुहूर्त. पहिल्यांदा गुरुजींना विचारा, ही वेळ रावेल्लोसाठी काढलेली आहे ना? पंचांगातल्या वेळा भारतीय प्रमाणवेळेच्या असतात. उन्हाळ्यात इटलीचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं, आणि मुहूर्त स्थानिक सूर्योदयावरून काढायचा असेल तर नुसते साडेतीन तास वजा करूनही भागत नाही. वेळ तीच राहिली, तर तुमच्यापुढचा प्रश्न कडक उन्हाचा आहे. मेच्या शेवटी पुण्यात माध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर, किंचित उत्तरेला असतो. रावेल्लोत तो कधीच डोक्यावर येत नाही. दुपारीही दक्षिणेकडेच, म्हणजे समुद्राच्याच बाजूला राहतो. त्यामुळे पाण्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर सावली येणार. पांढरट दगडी कठडे आणि उजळ भिंती पाहून कॅमेरा फसतो आणि चेहरे आणखी काळे करतो. एक्स्पोजर हाताने ठरवा, चेहऱ्यावर मोजून. मागचा समुद्र थोडा पांढरा पडला तर पडू द्या. आणि नंतर संगणकावर नवरा-नवरीचा रंग ‘उजळवून’ देऊ नका. आपली सावळी कांती त्या दगडासमोर फार सुंदर दिसते, ती आहे तशीच द्या.

यात अंतरपाटाचा क्षण मी वेगळा सांगते, कारण तो एकदाच येतो आणि पुन्हा करून दाखवता येत नाही. दोघं पूर्व-पश्चिम समोरासमोर उभे राहतात. ही दिशा स्थळानुसार बदलत नाही, त्यामुळे तुम्हाला आत्ताच हिशेब करता येतो. तुम्ही उत्तरेला उभे राहिलात की दोघांचे चेहरे बाजूने दिसतात आणि मधल्या जागेत समुद्र येतो. बारा वीसला ऊन दक्षिणेकडून, म्हणजे तुमच्या समोरून येईल. वरती कापडी मांडव मागून घ्या, पांढऱ्या किंवा फिक्या कापडाचा. रंगीत कापडाचा रंग चेहऱ्यावर उतरतो आणि तो नंतर काढता काढता जीव जातो.

मुहूर्त पुढे सरकून संध्याकाळी पाचचा झाला, तर चित्र वेगळं होतं. ऊन पश्चिमेकडून येतं. ज्याचं तोंड पश्चिमेला, त्याच्या डोळ्यांवरचं ऊन अंतरपाट अडवतो. समोरच्या माणसाच्या पाठीवर ऊन असतं, पण उजळलेल्या पांढऱ्या कापडाचा प्रकाश त्याच्या चेहऱ्यावर येतो. मंगलाष्टकं चालू आहेत तोवर दोन्ही चेहरे छान दिसतात, आणि तुम्ही त्या उजेडावर कॅमेरा लावून बसता. शेवटचं ‘सावधान’ होतं, गुरुजी अंतरपाट बहुधा उत्तरेकडे ओढतात आणि एका क्षणात एकाचे डोळे उन्हाने मिटतात, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचा उजेड जातो. म्हणून मांडणी अंतरपाट निघाल्यानंतरच्या उजेडासाठी करायची. तालमीत कोणालाही तिथे उभं करा, कापड धरा, काढा आणि दोन्हीकडे मोजा. अंतरपाट कोणत्या बाजूने काढणार हेही गुरुजींना विचारा. नाहीतर तो तुमच्याच लेन्ससमोरून जाईल.

अक्षतांसाठी दुसरा कॅमेरा लागतो. कुंकू लावलेला तांदूळ चकाकत्या पाण्यासमोर दिसतच नाही. गर्द झाडी मागे येईल अशा कोनातून, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या शटरवर काढला तर दाणा न् दाणा हवेत थांबलेला दिसतो. सहायकाला तिकडेच ठेवा, त्याला पाण्याचा मोह होऊ देऊ नका. आणि घरच्यांच्या कानावर घाला की संगमरवरावर हळद आणि तेल सांडलं तर डाग जात नाहीत, तांदळावरून पाय घसरतो. होम, हळद आणि अक्षता या तिन्हींना स्थळाची लेखी परवानगी हवी. हे काम घरच्यांचं आहे, पण होमाला ऐन वेळी नकार आला तर लाजाहोमाचा फोटो जातो तुमचा.

चिंब्रोनेपर्यंत गाडी जात नाही. चौकातून दहा-बारा मिनिटं पायवाट आणि पायऱ्या. चाकांची मोठी बॅग नेऊ नका, पाठीवरची न्या. लेन्स थोड्या: एक ३५ मिमीची, एक ८५ची, एक ७०-२००ची, आणि दोन कॅमेरा बॉडी, दोन्हींत दोन-दोन कार्डं. बागेत एरवी तिकीट काढून पर्यटक फिरत असतात, त्यामुळे कोणती जागा किती वाजता फक्त तुमची, हे करारात येऊ दे. तिथली प्रसिद्ध ‘अनंताची गच्ची’, संगमरवरी अर्धपुतळ्यांची रांग असलेली, अरुंद आहे. साठ पाहुण्यांचा ग्रुप फोटो तिथे घेऊ नका. ती दोघांसाठी ठेवा, आणि सकाळी लवकर. पूर्वेचं कोवळं ऊन त्या पुतळ्यांवर आणि माणसांवर सारखं पडतं.

आदल्या दिवशी व्हिला रुफोलोत जाऊन या. तेराव्या शतकातल्या रुफोलो या व्यापारी घराण्याचा तो वाडा. जर्मन संगीतकार वाग्नर १८८० मध्ये तिथे आला होता आणि ती बाग पाहून भारावून गेला होता. १९५३ पासून गावात संगीत महोत्सव भरतो. त्याचा मंच उन्हाळ्यात बागेच्या कड्यावर, समुद्राच्या बाजूला बांधतात. दोन घुमट आणि छत्रीसारखं पाइनचं झाड असलेला तो पोस्टकार्डातला फोटो तुमच्या तारखांना मोकळा मिळेल का, हे पत्र पाठवून विचारा. आणि अशा वारसास्थळी पैसे घेऊन फोटो काढायचे तर परवानगी आणि शुल्क लागू शकतं. इटलीचा सांस्कृतिक वारशाचा २००४ चा कायदाच तसा आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. कामाला जाताय, पर्यटक म्हणून अर्ज करू नका. यजमानांचं पत्र जोडा आणि कोणता व्हिसा लागेल ते मुंबईच्या इटालियन वकिलातीच्या नियमांत पाहा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, विमा किमान तीस हजार युरोंचा लागतो. सामानासाठी फिक्की या उद्योग-व्यापार महासंघाकडून एटीए कार्नेट, म्हणजे सामान तात्पुरतं परदेशी नेण्याचा परवाना, काढा, म्हणजे कॅमेरे नेताना-आणताना सीमाशुल्काचा प्रश्न येत नाही. सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, टोकांना टेप लावून. आपला जाड तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही. बारीक दोन पिनांचा चालतो, तो तपकीर गल्लीत मिळतो. एक्स्टेन्शन बोर्ड इथूनच न्या, म्हणजे एका अडॅप्टरवर सगळे चार्जर चालतील.

प्रश्न: माझ्या मुलीचं लग्न तिथेच व्हायचं आहे. पुण्याचा फोटोग्राफर न्यायचा तर तिकीट, राहणं, सगळं आमच्यावर. जावई म्हणतात तिथलाच घेऊ. काय करावं? (एक आई, प्रभात रोड)

उत्तर: मुख्य कॅमेरा आपल्याकडचा असावा असं माझं ठाम मत आहे. तिथल्या फोटोग्राफरला उजेड आणि जागा आपल्यापेक्षा चांगली कळते, त्यांचं काम मी पाहिलं आहे, उत्तम असतं. पण कन्यादानाच्या वेळी तुमच्या यजमानांच्या हातांकडे पाहायचं की गुरुजींकडे, कानपिळीला नवरीचा भाऊ कोणत्या बाजूने येणार, सुनमुख पाहताना आरशात कोण दिसायला हवं, हे त्याला यादी वाचून कळणार नाही. तुमच्या डोळ्यांत पाणी येण्याच्या आधी तुमच्याकडे वळणारा माणूस हवा, आणि त्यासाठी पुढे काय होणार हे ठाऊक असावं लागतं.

खर्चाचं ओझं खरं आहे. मग पुण्याहून एकच फोटोग्राफर न्या आणि त्याचा जोडीदार तिथला घ्या. दोघांची एकदा व्हिडिओ कॉलवर गाठ घालून द्या, विधींचा क्रम आणि वेळा इंग्रजीत लिहून द्या. पुण्याहून येणाऱ्याला निदान दोन दिवस आधी पोचू द्या. मुंबईहून एकदा विमान बदलून रोम किंवा नेपल्स, मग वळणावळणाचा किनाऱ्याचा रस्ता, आणि मोसमात खासगी व भाड्याच्या गाड्यांना सम-विषम नंबरांचा नियम. टॅक्सीला तो नसतो, तीच ठरवा.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगते. घरातल्या आजी-आजोबांचे फोटो व्हिलावर सोडू नका. त्या पायऱ्या चढून आल्यावर माणूस दमलेला असतो, चेहऱ्यावर ते दिसतं. रावेल्लोचा मुख्य चौक सपाट आहे. तिथल्या कॅथेड्रलला ११७९ मधला काशाचा दरवाजा आहे, चौकोनी नक्षीच्या पट्ट्यांचा. आदल्या दिवशी संध्याकाळी, चौक सावलीत आला की आजींना नऊवारीत तिथे खुर्चीवर बसवा, नात शेजारी. आजींना घाई नसेल, फोटोग्राफरलाही नसेल. लग्नाच्या दिवशी त्यांच्या वाट्याला एवढा निवांत वेळ कोणी देत नाही.

प्रश्न: माझ्याकडे छोटा ड्रोन आहे. तिथे उडवता येईल का? (हडपसर)

उत्तर: आपल्याकडची नोंदणी तिथे चालत नाही. युरोपीय नियमांप्रमाणे कॅमेरा असलेल्या ड्रोनच्या चालकाला, ड्रोन अडीचशे ग्रॅमच्या आतला असला तरी, नोंदणी करावी लागते. इटलीत ती डी-फ्लाइट या संकेतस्थळावर होते. क्रमांक ड्रोनवर चिकटवायचा, विमा काढायचा, एकशेवीस मीटरच्या वर जायचं नाही. त्या भागात उड्डाणबंदी आहे का ते त्याच संकेतस्थळाच्या नकाशावर दिसतं. जमलेल्या गर्दीच्या डोक्यावरून उडवायला सरळ मनाई आहे, म्हणजे मांडवावरून अक्षतांचा फोटो विसरा. हे सगळं करूनही व्हिलाची परवानगी वेगळी लागतेच. ती मिळाली, तर पाहुणे यायच्या आधी रिकाम्या बागेचे आणि कड्याचे दोन शॉट घ्या आणि ड्रोन बॅगेत ठेवा. मंगलाष्टकांच्या वेळी त्याची घरघर व्हिडिओत राहते, ती नंतर काढता येत नाही.