कानाचं मशीन घेण्याआधी

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद. तुझा ऑडिओग्राम, म्हणजे कानाच्या तपासणीचा आलेख, पोचला. कानाच्या आत बसणारं मशीन घ्या, कुणाला कळणारसुद्धा नाही, असं दुकानात सांगितलं म्हणतेस. मीही पहिल्यांदा तेच घेतलं होतं, म्हणून लिहितोय.

भजनात पेटीवर बसलो की बाजूच्याला दिसू नये, एवढंच तेव्हा डोक्यात. जुलै लागला. घाम, दमट हवा, कानातला मळ. मशीनचं तोंड सारखं बुजायचं आणि पणजीला खेपा. दहा नंबरची बॅटरी तुरीच्या दाण्याएवढी. ती ऐन आरतीत संपली, बदलताना बोटांतून निसटली आणि घुमट वाद्यांच्या गजरात मी सभामंडपाच्या फरशीवर ओणवा. लपलं ते एवढं!

आता तुझा आलेख. 500 हर्ट्झपर्यंत, म्हणजे खालच्या सुरांत, रेषा वर आहे, तिथे ऐकू ठीक येतं; 2000 नंतर, वरच्या सुरांत, उतरते, 4000 ला 60 डेसिबल, म्हणजे आवाज तेवढा मोठा झाला तरच ऐकू येतो. म्हणजे आवाज येतो, शब्द फुटत नाही; मूल ‘सात’ म्हणतं, तुला ‘हात’ वाटतं. खालचे सूर तुला आपसूक ऐकू येतात, ते बुजवायचे कशाला? कानात घट्ट बसणारं मशीन वाट बंद करतं, मग स्वतःचाच आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो. दिवसभर वर्गात बोलणाऱ्या बाईला ते नकोच. कानामागे बसणारं, बारीक तारेने रिसिव्हर, म्हणजे छोटा स्पीकर, कानात सोडलेलं, त्यावर भोकांची मऊ टोपी (डोम) असलेलं बघ. (खूपच कमी ऐकू येणाऱ्याला कानाच्या मापाच्या घट्ट साच्याचं (मोल्डचं) दणकट मशीन लागतं, तुझं तसं नाही.)

कान दोन्ही सारखे उतरलेत, तेव्हा मशीनंही दोन. एकावर भागवलंस तर मागच्या बाकावरून कोण बोललं ते कळणार नाही. पैसे कमी पडले तर महागडं एक घेण्यापेक्षा साधी दोन घे.

पैसे देण्याआधी आठवडाभर वापरायला माग. दुकानाच्या बंद खोलीत सगळंच छान ऐकू येतं. कदंबाच्या बसमध्ये बघ, कौलांवर पाऊस कोसळताना वर्गात बघ. आणि पेटी लावून बघच: लांबलेला सूर मशीनला शिट्टी वाटते, ते दाबायला जातं आणि सूर थरथरतो. संगीताचा वेगळा प्रोग्राम असतो, पण मागितल्याशिवाय कुणी लावून देत नाही.

पावसाळ्यात रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेव. बदलायच्या बॅटरीचं असेल तर नव्या बॅटरीवरचं स्टिकर काढल्यावर तिला मिनिटभर हवा लागू दे, मगच बसव.

ट्रायलच्या दिवशी मी येतो. माझा आवाज जाड, तो तुला असाही ऐकू येतो. म्हणून भावाच्या धाकटीला घेऊन ये, आणि तिला तुझ्या पाठीमागून पाढे म्हणायला लाव.

तुझा,
मास्तर